ताटं एकदमच वाढूया

  आता कोणाचा स्वयंपाक आटोपत आला असेल, कोणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असेल. तर आज भाकरीबद्दलच बोलू. ती कशी करायची हे मी तुम्हाला काय सांगणार? ते तुम्हीच मला शिकवाल. आज बोलायचं आहे ते ती खायची कधी आणि कोणाबरोबर बसून, याबद्दल.

आधी एक प्रश्न. काल रात्री तुम्ही काय जेवलात? मालक काय जेवले, मुलांनी काय टाकलं, सासूबाईंना काय चावलं नाही, हे तुम्ही झटकन सांगाल. स्वतःचं सांगायला मात्र जरा थांबावं लागेल. हाच प्रश्न गटाच्या बैठकीत सगळ्यांना विचारून बघा. बहुतेकींचं उत्तर एकच येईल: "जे उरलं होतं ते."

आपल्याकडे जेवणाचा एक क्रम ठरलेला असतो. आधी पुरुषमाणसं, मग मुलं, मग सासूबाई आणि सगळ्यांच्या शेवटी सून. हा क्रम कोणी लिहून दिलेला नाही, तरी तो चुकत नाही. सून चुलीशी बसून गरम भाकरी वाढत राहते. सगळे उठले की ती पातेल्याच्या तळाचा भात आणि कालवणाचा रस्सा घेते. तेवढ्यात कोणी पाणी मागतं, मूल रडतं, मग ती दोन घास घाईघाईत गिळते आणि भांडी घासायला बसते.

यात वाईट काय, असं कोणी विचारेल. आमच्या आईने, आजीने असंच केलं. बरोबर आहे, केलं. पण त्याने काय होतं ते नीट समजून घेऊ.

समजा, घरात सहा माणसं आहेत आणि कालवणात माशाच्या सहा तुकड्या आहेत. पहिल्या पंगतीला कोणाला दोन गेल्या, मुलाने आणखी एक मागितली, पाहुणा आला त्याला एक वाढली. शेवटच्या ताटात रस्साच उरला. कोणी मुद्दाम काढून घेतलं नाही. वाढणाऱ्या बाईनेच प्रेमाने वाढलं. भाताचं तसंच, डाळीचं तसंच, अंड्याचं तसंच. घरात अन्न कमी पडलं तर ते शेवटी जेवणाऱ्या माणसालाच कमी पडतं. आणि ती म्हणते, "मला भूकच नाही, मी मघाशी खाल्लं." त्यामुळे अन्न कमी पडलं हे घरात कोणाला कळतसुद्धा नाही. नवऱ्याला वाटतं, सगळ्यांना पुरलं. कमी पडलेलं त्याच्या डोळ्यांसमोर येतच नाही, मग तो जास्त आणणार कसा?

आता शरीराचं गणित बघा. बाईला पाळीत दर महिन्याला रक्त जातं. म्हणून देशातल्या पोषणतज्ज्ञांनी २०२० साली जे प्रमाण ठरवून दिलं, त्यात पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं असं धरलं आहे आणि बाईला २९ मिलिग्रॅम. म्हणजे बाईची गरज पुरुषाच्या दीडपट. घरात जिला लोह सगळ्यांत जास्त लागतं, तिच्या ताटात मासा, अंडं, उसळ सगळ्यांत कमी येते. मग व्हायचं ते होतं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्क्यांहून जास्त जणींच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे कमी व्हायच्या जागी तो वाढला. दहा जणींचा आपला गट असेल, तर त्यातल्या पाच-सहा जणी यात धरा. जिना चढताना धाप लागणं, चक्कर येणं, सकाळी उठल्यापासून दमल्यासारखं वाटणं, याला आपण "कामाचा शीण" म्हणतो. कित्येकदा ते रक्त कमी असतं.

पैशाची अडचण आहेच, ती नाकारून चालणार नाही. पण आहे त्या अन्नाची वाटणी बदलायला पैसे लागत नाहीत. फक्त बसायची वेळ बदलावी लागते.

हे कोणी करून पाहिलं आहे का? हो. राजस्थानात सिरोही आणि बांसवाडा या जिल्ह्यांत आदिवासी वस्ती मोठी आहे. तिथे २०१५च्या सुमारास बायकांच्या बचत गटांमधून पोषणाचं एक काम सुरू झालं. त्यात सांगणं अगदी साधं होतं: घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं. गटात चित्रं दाखवून, गोष्टी सांगून त्यावर बोलणं व्हायचं आणि पुरुषांनाही त्या बोलण्यात घेतलं जायचं. पुढे पाहणी केली तेव्हा पोटभर जेवण मिळणाऱ्या बायांची संख्या वाढलेली दिसली आणि मुलांच्या ताटातही जास्त प्रकारचं अन्न येऊ लागलं होतं. यात जादू काही नाही. एकत्र बसल्यावर बायकोच्या ताटात काय आहे ते नवऱ्याला दिसतं. मुलाला दिसतं की आईला तुकडी आलीच नाही. एकदा दिसलं की निम्म्या घरांत बोलावं लागत नाही, हात आपोआप आखडतो आणि तिच्यासाठी ठेवलं जातं.

मैत्रिणींनो, कोण कोणाबरोबर बसून जेवतं ही गोष्ट लहान नाही. आपल्या महाडच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. १९२७च्या मार्च महिन्यात महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली होती. कुलाबा म्हणजे आपला आजचा रायगड. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर सगळ्यांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. हे आपल्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. त्यानंतर काय झालं ते मात्र कमी सांगितलं जातं. परिषदेचे लोक परत आले. आपापल्या गावी निघायच्या आधी मांडवात जेवायला बसले. तेवढ्यात गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मांडवात घुसला, जेवणाऱ्यांना मारलं आणि अन्न मातीत मिसळलं. कुठून कुठून चालत आलेल्या माणसांच्या तोंडचा घास त्या दिवशी धुळीत गेला.

पुढे तळ्याचा खटला वर्षानुवर्षं चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तळ्याचं पाणी सगळ्यांसाठी खुलं असल्याचा निकाल दिला. पाण्याचा हक्क कोर्टात मिळाला. ताटाला ताट लावून बसायचा हक्क मात्र कोर्ट देऊ शकत नाही. तो घराच्या ओटीवर आणि गावच्या पंगतीतच द्यावा लागतो.

१९२७च्याच डिसेंबरात महाडला दुसरी परिषद झाली. तेव्हा बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. नीटनेटकं राहा, मुलींनाही शाळेत घाला, असं त्यांनी सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगितली, ती आजच्या विषयाची आहे: नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. म्हणजे वाढणाऱ्या हातात ताकद असते, हे त्यांनी बायांना दाखवून दिलं. आपण मात्र तो हात स्वतःच्या ताटाकडे वळवायला अजून कचरतो.

आता करायचं कसं ते बघू. घरोघरची रीत वेगळी आणि अडचणीही वेगळ्या. त्या एकेक घेऊ.

पहिली अडचण गरम भाकरीची. "मी बसले तर भाकरी कोण भाजणार?" यावर उपाय असा, की भाकऱ्या आधी सगळ्या करून घ्यायच्या, स्वच्छ फडक्यात गुंडाळून टोपलीत किंवा झाकणाच्या डब्यात ठेवायच्या. अर्धा तास त्या मऊ राहतात. तव्यावरून थेट ताटात पडलेल्या भाकरीची चव वेगळी, हे खरं. पण त्या चवीसाठी एक माणूस रोज शेवटी जेवतं, एवढा तिचा भाव आहे का, ते घरात विचारायला हवं.

दुसरी अडचण वाढण्याची. भात, कालवण, भाजी, पाण्याचा तांब्या, लोणचं, मीठ सगळं मधोमध मांडायचं आणि भोवती सगळ्यांनी बसायचं. ज्याला हवं त्याने आपल्या हाताने घ्यायचं. सात-आठ वर्षांचं पोरही आपला भात आपण घेऊ शकतं. मासा, अंडी, मटण असेल तर मात्र ते मोकळं ठेवू नका. बसायच्या आधीच प्रत्येकाच्या ताटात मोजून वाढा, स्वतःच्या ताटातसुद्धा. मोजताना स्वतःला विसरायची सवय आपल्याला आहे, म्हणून आधी आपलं ताट वाढा.

तिसरी अडचण आपल्या भागातली खास आहे, ती पाळीची. कारखान्यातली पाळी म्हणते मी. बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्यांची कधी पहिली पाळी, कधी दुसरी, कधी रात्रपाळी. नवरा रात्री उशिरा येतो, मग बाई तोवर उपाशी थांबते. तशी थांबू नका. मुलांबरोबर आणि घरच्यांबरोबर वेळेवर जेवून घ्या आणि त्यांच्या वाट्याचं झाकून ठेवा. ते आल्यावर गरम करून घेऊ शकतात, गॅसची शेगडी पेटवायला त्यांनाही येते. तुम्ही शेजारी बसून दिवसभराच्या गोष्टी करा, सोबत होते. आणि सुट्टीच्या दिवशी एक जेवण नक्की सगळ्यांनी मिळून घ्या. तिन्ही वेळा जमलं नाही तर बिघडत नाही, एक वेळ तरी धरा.

चौथी अडचण मोठ्यांची. "सासऱ्यांसमोर कसं बसायचं?" इथे घाई करू नका आणि भांडणाने सुरुवात करू नका. आधी सासूबाईंना बरोबर घ्या. त्यांनीही उभा जन्म शेवटी जेवण्यात काढला आहे. "आई, आज तुम्ही आणि मी बरोबर बसू" असं म्हणून सुरुवात करा. घरात लेक असेल, सून गरोदर असेल, बाळंतीण असेल, तर तिचं निमित्त करा: "डॉक्टरांनी सांगितलंय, तिने वेळेवर जेवायचं." एकदा ताट मांडलं गेलं की ते मागे घेणं कोणालाच बरं वाटत नाही.

ताटात काय असावं याबद्दल थोडक्यात सांगते. आपल्या भागात लोह आणि ताकद देणारं पुष्कळ पिकतं. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, वालाचं बिरडं, शेवग्याचा पाला आणि खाणाऱ्यांसाठी सुकट, जवळा. जेवताना लिंबू पिळा, नाहीतर आवळ्याची फोड घ्या. त्याने अन्नातलं लोह अंगी लागतं. चहाने उलट होतं, तो लोह अडवतो. म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. आणि शिळ्याचं म्हणाल, तर शिळं खायचं ते सगळ्यांनी वाटून खायचं. पावसाळी हवेत रात्रभर उघडा राहिलेला भात आंबूस लागला तर तो बाईच्याही पोटात जाता कामा नये. दम लागत असेल, पाय सुजत असतील, तर उपकेंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. गोळ्या तिथे फुकट मिळतात. एकत्र जेवण हे गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला आहे.

एवढं सगळं आरोग्याचं झालं. पण जेवण ही औषध म्हणून घ्यायची गोष्ट नव्हे, त्यात मजाही हवी. आठवा, शाळेत डबे एकत्र करून अंगतपंगत करायचो. तिची मेथी, हिचं लोणचं, कोणाची साधी भाकरी-चटणी, सगळं मधोमध. तेव्हा पोट किती भरलं हे कोणी मोजलं नाही, पण हसून हसून पोट दुखायचं. लग्न झाल्यावर ती पंगत कुठे गेली? लावणीच्या दिवसांत बांधावर बसून आपण बाया एकत्र खातो, तेवढीच काय ती उरली. आणि त्या दिवशी साधा भात-सुकट किती गोड लागतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं असं. गटाची महिन्याची बैठक असते, हप्ते गोळा होतात, सह्या होतात आणि सगळ्या घाईने घरी पळतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा त्या बैठकीला जेवण जोडा. खर्च करायचा नाही. प्रत्येकीने घरी जे केलं असेल ते एक डबाभर आणायचं.

ऋतूप्रमाणे त्यात रंगत येते. पावसाळ्यात रानभाज्यांची पंगत करा: टाकळा, भारंगी, कुर्डू, कंटोळी. शेवळं आणणाऱ्या मैत्रिणीला विचारा की खाज जायला ती काय घालते. प्रत्येक घरची युक्ती वेगळी असते आणि ती आजीबरोबर जायच्या आत शिकून घ्यायला हवी. कार्तिकात आवळीभोजन आहेच. आवळीच्या झाडाखाली बसून जेवायचं, आणि वर सांगितल्याप्रमाणे आवळा रक्ताला चांगला, म्हणजे रीत आणि औषध दोन्ही झालं.

आणि थंडीत पोपटी. रायगडात राहून पोपटी खाल्ली नाही असं कोणी नसेल. भात कापल्यावर जमिनीत ओल असते, तिच्यावर वाल येतो. त्याच्या शेंगा भरल्या की मडकं काढायचं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, थोडा ओवा. हवे तर बटाटे, रताळी, अंडी, नाहीतर मसाला लावलेली कोंबडी. पुन्हा पाला दाबून तोंड बंद करायचं, मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र झालं की समजायचं, झाली. पण आजवर पोपटी बहुतेक पुरुषांची असते. शेतावर ते रात्री जमतात, आपल्यासाठी घरी चार शेंगा येतात. या थंडीत गटाच्या बायांनी स्वतःची पोपटी लावावी. संध्याकाळी उजेडात लावा, लहान पोरं जाळापासून लांब ठेवा आणि मडकं उघडताना वाफ तोंडावर येऊ देऊ नका. मडक्यात वाढपी कोणी नसतो. पानावर ओतलं की सगळ्या भोवती बसतात आणि सगळ्या एकदमच जेवतात. मला पोपटीतलं हेच फार आवडतं.

गटाच्या पंगतीचे दोन-तीन नियम मात्र पहिल्याच दिवशी ठरवा. एक, कोणी काय आणलं याची तुलना करायची नाही. ज्या मैत्रिणीची परिस्थिती नाही, तिने चिमूटभर मीठ किंवा झाडावरचं लिंबू आणलं तरी तिचं ताट पूर्ण. दोन, नवरा गेलेली, नवऱ्याने टाकलेली, एकटी राहणारी, जिला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, तिला पहिलं बोलवायचं आणि मध्ये बसवायचं. एकटी बाई बहुतेक दिवस चूल पेटवायचाच कंटाळा करते आणि चहा-बटरवर रात्र काढते, हे लक्षात असू द्या. तीन, कोणाच्या हातचं चालतं आणि कोणाच्या हातचं चालत नाही हे आपल्या पंगतीत नाही. २०२१च्या जुलैत महापूर आला, चुली चिखलात गेल्या, तेव्हा बाहेरून आलेल्या डब्यातलं अन्न कोणाच्या हातचं हे विचारायला कोणाला सवड होती? संकटात जे चाललं, ते सुखातही चालायला हवं. महाडच्या मातीत तर नक्कीच.

कोणी म्हणेल, एवढा वेळ कुठे आहे? घरची सगळी एकदम जेवली की भांडी एकदम निघतात आणि आवरायला दोन हात जास्त मिळतात. तीन पंगती वाढण्यात जो दीड तास जातो, त्यातला निम्मा वाचतो. करून बघा आणि मग सांगा.

तर या आठवड्याचं काम सांगते. एक वार ठरवा. त्या रात्री भाकऱ्या आधी करून ठेवा, टीव्ही बंद करा, मोबाईल फळीवर ठेवा, आणि घरात जेवढी माणसं तेवढी ताटं मांडा. मोजताना स्वतःला धरून मोजा. कोणी विचारलं की आज हे काय नवीन, तर सांगा, रेडिओवर सांगितलंय. दोष माझ्यावर ढकला, चालेल.

मग पुढच्या बैठकीत तोच पहिला प्रश्न पुन्हा विचारा: काल रात्री तुम्ही काय जेवलात? "जे उरलं होतं ते" असं म्हणणारी एक जरी कमी झाली, तरी आजचं बोलणं कामी आलं असं मी म्हणेन.

चला, भाकरी करपायला नको. वेळेवर जेवा आणि सगळ्यांबरोबर जेवा. नमस्कार.